सोळावी भाजी

काशीफळाचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, फूल पहाटे उमलतं आणि उन्हं परसात यायच्या आत मिटायला लागतं. ज्याला बघायचं त्यानं लवकर उठावं. उशिरा उठणाऱ्याला नुसती पिळलेल्या फडक्यासारखी पिवळी गुंडाळी दिसते. भादवा लागला की मी रोज उठून वेलापाशी जाते आणि फुलं बघते. किती खरी, किती खोटी. खोटं म्हणजे ज्याच्या खाली नुसती लांब दांडी असते ते. खऱ्याच्या बुडाशी गोटीएवढं फळ आधीच धरलेलं असतं, हिरवं, लव असलेलं. पण त्या गोटीचं काशीफळ होईलच असं नाही. ते दुसऱ्याच्या हातात असतं.

यंदा माझ्याआधी माझी नात परसात उभी होती. ऋतुजा. परभणीला शेतीचं शिकली आणि आता नवे बंगले बांधणाऱ्या लोकांना बागा आखून देते. लोक तिला मोकळी जागा दाखवतात, ती त्यांना कागदावर झाडं काढून देते. आता म्हणे आपलंच परस नीट आखू. कागदावर लहान-मोठे गोल काढले होते आणि गोलांत नावं.

"आजी, हे तरवड. इथं रानतुळस, तिथं आघाडा राहू द्यायचा. कोपऱ्यात एरंड."

"आणि हा लांबुळका काय?"

"वाळलेलं लाकूड. आडवं टाकायचं. भुंगे त्यात भोकं पाडून राहतात."

"बरं."

"आणि ही मागची मातीची भिंत लिंपायची नाही. तिच्या भोकांत बारक्या माश्या असतात. देशी झाडं असली की माश्या येतात, माश्या आल्या की फळ धरतं. शहरात लोकांना हे सगळं नव्यानं सांगावं लागतं."

शहरातच कशाला, मी मनात म्हणाले. तो कागद मी बराच वेळ हातात धरून होते. ते परस मी आधी पाहिलं होतं. दोनदा पाहिलं होतं. एकदा आमच्याच घरी, ते मी माझ्या हातानं उपटून टाकलं. आणि एकदा ओढ्यापलीकडं, गयाबाईच्या घरामागं.

लग्न होऊन आले तेव्हा आमच्या परसाला काही आकार नव्हता. मला तरी दिसला नव्हता. न्हाणीचं पाणी जाईल तिकडं अळू, त्याच्या कडेनं कर्दळ. कुडावर दोडका आणि घोसाळं. तरवडाची झुडपं कुणी लावली नव्हती, पण कुणी काढलीही नव्हती. तुळस एक वृंदावनात आणि चाळीस बाहेर, तुऱ्यांना आलेल्या. एक शेवगा वठलेला, त्याच्या खोडात बोटभर भोकं, आणि त्या भोकांतून काळे भुंगे आत-बाहेर करायचे. सकाळी भांडी घासायला बसलं की साऱ्या परसाचा एक आवाज असायचा. पातेल्याच्या तोंडाशी कान नेल्यावर येतो तसा. तेव्हा तो ऐकू आला असं म्हणता येणार नाही. बंद झाला तेव्हा कळलं, की आधी येत होता.

सासूचं नाव भागाबाई. मी तिला आत्याबाई म्हणायचे. तिचे डोळे अर्धे गेले होते, पण परसात ती वासावर चालायची. "इथं आळू, इथं पुदिना, हे काय, इथं मांजर मुतलंय." सासू म्हणून कडक होती. तिच्याबद्दल गोड लिहायचं तर मला खोटं लिहावं लागेल. पण एका गोष्टीत तिचा शब्द सगळं घर मानायचं. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि त्या सोळाच्या सोळा आपल्याच परसातल्या पाहिजेत. बाजारातून आणायची नाही, शेजारणीकडून घ्यायची नाही. ती म्हणायची, "बाजारचंच खायचं तर लक्ष्म्या आपल्या घरी कशाला येतेल? बाजारातच ऱ्हातेल की."

पंधरा भाज्या एकत्र शिजायच्या. सोळावी काशीफळाची, ती वेगळी. अख्खं काशीफळ बाईनं फोडायचं नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा. मग बायका बसून फोडी करणार. त्या दिवशी गल्लीतल्या सवाष्णी जेवायला असायच्या आणि काशीफळ केवढं निघालं यावरून घराची किंमत ठरायची. हसू नका. आता गाडी केवढी आहे यावरून ठरते.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी पाथरीला बहिणीकडं गेले होते. मेहुणे कचेरीत कारकून. त्यांना सरकारी क्वार्टर होतं आणि क्वार्टरपुढं बाग. बाग म्हणजे चुन्यानं रंगवलेल्या विटा तिरप्या रोवलेल्या, त्यांच्या आत क्रोटन आणि मयूरपंखी एका ओळीत, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी करतात तशी. मधली जमीन साफ. एक काडी नाही, एक वाळलेलं पान नाही. बहीण रोज झाडून घ्यायची. मला वाटलं, याला म्हणतात राहणं. आपण काय जंगलात राहतो. चौथीपर्यंतच शाळा शिकलेल्या बाईला दुसऱ्याचं सगळं शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं.

येताना एसटीत मांडीवर क्रोटनच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आल्यावर पदर खोचला आणि आठ दिवसांत परस साफ केलं. तरवड खणून काढलं. आघाडा, रानतुळस, एरंड, सगळं उपटून ढीग घातला आणि पेटवला. वठलेला शेवगा तोडून चुलीला लावला. भिंतीची भोकं शेणमातीनं बुजवून हात फिरवला, अशी गुळगुळीत की बोट घसरावं. विटा रोवल्या, चुना लावला. नवरा म्हणाला, "चांगलं दिसायलंय." आत्याबाई उंबऱ्यावर उभी राहून हवेत नाक फिरवत होती. म्हणाली, "वास कुटं गेला परसाचा?"

मी म्हणाले, "घाण गेली, आत्याबाई."

मृगात काशीफळाचं बी लावलं. कोवळ्या पानांवर लाल किडे आले, तेव्हा ज्वारीवर मारायची पांढरी पावडर आणून फडक्यातून वेलावर झटकली. तीही सकाळी, फुलं उमललेली असताना. लागोपाठ चार-पाच सकाळी. किडे मेले. मला फार आनंद झाला. खाली आणखी काय काय मरून पडलं होतं ते मी केरसुणीनं लोटून टाकलं.

तोच पावसाळा नामांतराचा. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाड्यात काय काय झालं ते माझ्या वयाच्या कुणालाही सांगायला नको. आमच्या गावात कुणाचं घर जळलं नाही. हे आम्ही नंतर फार वर्षं छाती फुगवून सांगायचो. पण देवळापुढं बैठक बसली होती, ते सांगायचो नाही. नवरा तिथून आला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "ओढ्यापल्याडच्या बायका खुरपायला बोलवायच्या न्हाईत. गिरणीवर त्यांचं दळण घ्यायचं न्हाई. देणं न्हाई, घेणं न्हाई."

ओढ्यापल्याड बौद्ध वस्ती. आमच्या शेतात खुरपायला यायच्या त्या सगळ्या बायका तिथल्या. त्यांची पुढारीण गयाबाई. उंच, काळी, हाडापेरानं दणकट, आणि जिभेला तिखट लावलेली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. मी तिला तू म्हणायचे. ती मला तुमी.

बैठकीचा ठराव ऐकून मी काय म्हणाले? काही नाही. भाकरी थापत होते, थापत राहिले.

श्रावणात वेल असा माजला की विटा दिसेनात. पानं सुपाएवढी. रोज दहा-बारा फुलं. खऱ्या फुलाच्या बुडाची गोटी दोन दिवस हिरवी राहायची, तिसऱ्या दिवशी पिवळी पडायची, चौथ्या दिवशी देठापासून गळून खाली. बोटानं दाबली की पाणी. काकड्या आल्या त्याही वाकड्या, एका बाजूनं भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं सुकलेल्या, लकवा भरल्यासारख्या. दोडक्याचं बरं चाललं होतं. तो संध्याकाळी फुलतो, त्याचे पाहुणे वेगळे. आत्याबाई रोज विचारायची, "धरलं का गं काशीफळ?" मी रोज म्हणायचे, "धरंल की." खत घातलं. दृष्ट काढली. पायातली जुनी चप्पल वेलाला बांधली. आणि परस गप्प. तेव्हाच मला कळलं की तिथं आधी आवाज होता.

गिरणी बंद केल्यामुळं वस्तीतल्या बायका चुडाव्याला दळायला जायला लागल्या. स्टेशनच्या गावाला, दोन कोस, डोक्यावर ज्वारी घेऊन. वाट आमच्या मागच्या भिंतीला लागून. पोळ्याच्या आधीच्या एका पहाटे मी वेलापाशी उकिडवी बसले होते, हातात गळलेल्या गोट्या. भिंतीवर धप्प आवाज झाला. गयाबाईनं डोक्यावरचं गाठोडं विसाव्याला भिंतीवर टेकवलं होतं. भिंतीवरून तिचा निम्मा चेहरा दिसत होता. ती परस बघत होती. पाथरीहून आणलेले क्रोटन, चुन्याच्या विटा, गुळगुळीत भिंत.

"काय वैनी, परसाला न्हाऊ-माखू घातलं जणू."

मी काही बोलले नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं. ती हसली. "बोलू नगा. म्या भिताडाशी बोलायलेय."

मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"गळायलंय का?"

मी मान हलवली. मानेबद्दल बैठकीत काही ठरलं नव्हतं.

"गळंल न्हाई तर काय. माशी कुटाय? भिताडाची भोकं तुमी लिंपली. शेवगा जाळला. तरवड काढलं. बिनबोलावता येणारे पाव्हणे हाकलून दिले आन् आता कामून कुणी येईना म्हणून रडायलाव."

"मी रडत नाही," मी म्हणाले. झालं, बोलले.

"बरं, नगा रडू. ते खोटं फूल तोडा. तोडा, काय व्हत न्हाई. पाकळ्या काढून टाका. मधल्या दांडीवर पिवळी भुकटी हाय का?"

"आहे."

"आता खऱ्या फुलात ती टेकवा. हळू. काजळ घालावं तशी. हां. माशीचं काम हाय हे, आता तुमी करा. रोज करा, उन्हाच्या आत."

मी फुलात दांडी फिरवत होते आणि ती भिंतीपलीकडून सांगत होती. मी तिला आत ये म्हणाले नाही. तीही आली नाही. मग तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. तिकडं चुडाव्याच्या बाजूला गाडीची शिट्टी झाली.

गोट्या गळायच्या थांबल्या. तीन धरल्या. मी रोज बघायचे, पहाटे माशी व्हायचे. पण महालक्ष्म्यांना आता आठ-दहा दिवस उरले होते आणि काशीफळ काही हाकेसरशी मोठं होत नाही. गौरी घरात आल्या त्या दिवशी आत्याबाई काठी टेकत वेलापाशी आली, पानांखाली हात घातला आणि चाचपलं.

"हे काशीफळ हाय का लिंबू?"

मी म्हणाले, "यंदा लहानच धरलं."

तिचा हात तिथंच राहिला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या सासूपासून कधी सोळावी भाजी चुकली न्हाई. म्या आंधळी झाले म्हणून चुकली." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. चूक तिच्या डोळ्यांची नव्हती, माझ्या हातांची होती. हे मला तिथल्या तिथं सांगता आलं असतं.

दुपारी सगळे महालक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या तळण्यात गुंतले, तेव्हा मी धुण्याची पाटी घेतली आणि ओढा ओलांडला. त्या गावात नांदायला येऊन मला सात वर्षं झाली होती. ओढ्यापलीकडं पाय टाकायची ती पहिली वेळ.

गयाबाईच्या घरामागचं परस मला आजही डोळे मिटले की दिसतं. आमच्या न्हाणीघराएवढीच जागा. पण पाय ठेवायला वाट सोडली तर मोकळी जमीन नाही. कडेनं तरवड, पिवळं धम्मक. तुळशी तुऱ्यांवर आलेल्या. बोरीला बारीक हिरवट फुलं, त्यांचा तो उग्र वास. एक बाभळीचा ओंडका मुद्दाम सावलीत आडवा टाकलेला, भोकाभोकांचा. आणि आवाज! माझ्या परसातून गेलेला सगळा आवाज तिथं येऊन राहिला होता. छपरावर काशीफळाचा वेल आणि त्यावर पाच फळं, बैलाच्या डोक्याएवढी, शेंदरी, वर राखाडी दव धरलेली.

"एवढं गचपण कशाला ठेवतेस?" मी विचारलं. आले होते मागायला आणि तोंडातून हे निघालं.

"गचपण न्हाई, खाणावळ हाय," गयाबाई म्हणाली. "थंडीत शेवगा, शिमग्याला पळस, मग लिंब, मग करंज. पाऊस पडला की तरवड आन् तुळस. आता बोर. बारा म्हैने कुणीतरी फुलात पायजे. माशीला एक म्हैना उपाशी ठिवलं तर ती तुमच्या काशीफळासाठी थांबंल व्हय? आर्धं परस आपलं, आर्धं तिचं."

ऋतुजाच्या कागदावर खाली एक चौकट आहे. बारा महिन्यांची नावं आणि पुढं कोणत्या महिन्यात काय फुलतं ते. ती चौकट मी वाचली तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

मी काशीफळ मागितलं. कशाला तेही सांगितलं. गयाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"तुमच्या लक्ष्म्यायला चालंल का आमच्या वस्तीतलं? गिरणीला आमची ज्वारी चालंना."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर रडून पाया पडली असती, अशा गोष्टी मी वाचल्या आहेत. मी पाटी हातात धरून उभी राहिले, एवढंच. मग म्हणाले, "म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली आहे."

गयाबाई शिडीवर चढली. सगळ्यात मोठं फळ देठासकट तोडलं आणि खाली आणून माझ्या पाटीत ठेवलं. वर धुणं टाकलं. मग पाटीवर हात तसाच ठेवून म्हणाली, "आमी देवी-बिवी सोडलं. म्या देवीला देत न्हाई, म्हातारीला द्यायलेय. माझी एकच गोष्ट. कुणाचं म्हणून कुणी इचारलं, तर नाव सांगा माझं. दुसरं काय नगं."

"सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. नवऱ्यानं पहिला घाव घातला. काशीफळ दुभंगलं आणि आतून असा केशरी गर निघाला, की बायकांनी "अगं बया" केलं. आत्याबाईनं दोन्ही हातांनी फोड चाचपली, नाकाशी नेली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिनं विचारलं, सगळ्यांसमोर, "कुटल्या वेलाचं गं हे?"

अकरा सवाष्णी बसल्या होत्या. नवरा विळा हातात घेऊन उभा होता.

मी म्हणाले, "आपल्याच. पानाखाली होतं, दिसलं नव्हतं."

एवढंच. गाव जळलं नाही, कुणी मेलं नाही. भाजी झाली, लक्ष्म्या जेवल्या, बायका जेवल्या. मीही जेवले. गूळ घातलेली ती भाजी इतकी चांगली होती की मी दोनदा घेतली. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

आत्याबाईनं बिया राखेत घोळून वाळवल्या आणि मडक्यात ठेवल्या. पुढच्या साली जो वेल आला त्याला लोक भागाबाईचं काशीफळ म्हणायला लागले. नणंद राणीसावरगावला दिलेली, ती घेऊन गेली. पाथरीच्या बहिणीनं क्रोटन काढून लावलं. लेकी-सुना, पाहुणे-रावळे, जो येईल तो बी मागायचा. मी विटा उखडल्या, तरवड परत येऊ दिलं, भिंत पुन्हा कधी लिंपली नाही. लोक म्हणायचे, भागाबाईच्या सुनेचा हात लागला की काहीही येतं.

ठराव फार दिवस टिकला नाही. माणुसकी जागी झाली वगैरे काही नाही. ज्वारीत तण माजलं आणि आमच्या बायकांच्या कमरा दुखल्या. खुरपायला परत त्याच बायका आल्या. पुढच्या साली एकदा बांधावर भाकरी खाताना शेजारच्या शेतातली एकजण मला म्हणाली, "भागाबाईच्या काशीफळाचं बी द्या की दोन दाणे." गयाबाई हातभर अंतरावर कांदा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मागून घ्या बाई. लय चांगलं बी हाय म्हणं ते."

मी त्या दिवशीही नाव घेतलं नाही. आत्याबाई जिवंत आहे, तिला कळलं तर ती मरेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग आत्याबाई गेली, आणि मला दुसरं कारण शोधावं लागलं. ते सापडलं नाही. तरी मी गप्पच.

चौऱ्याण्णव साली संक्रांतीच्या सुमाराला विद्यापीठाला शेवटी ते नाव मिळालं. वस्तीत पेढे वाटले. गयाबाई तेव्हा वाकली होती, काठी आली होती. ती मागच्या वाटेनं आली आणि भिंतीवर, गाठोडं टेकवायची त्याच जागी, कागदात दोन पेढे ठेवले. "घ्या वैनी. नाव झालं."

"झालं बाई," मी म्हणाले.

"सोळा वर्सं लागली." ती माझ्याकडं बघत नव्हती. कुडावर वाळलेला वेल होता, तिकडं बघत होती. "लागत्यात. नावाला टाइम लागतो."

पुढच्या पावसाळ्यात ती वारली.

तर यंदा ऋतुजानं परस आखलं आणि म्हणाली, "आजी, आपल्या काशीफळाचं बी मी पुड्या करून लोकांना देणार. जुनं देशी वाण आहे, जपायला हवं." पन्नास पुड्या केल्या. त्यावर चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. झाडाचं चित्र आणि खाली, भागाबाईचं काशीफळ. पणजीचं नाव म्हणून पोर खूश होती.

मी म्हणाले, "पेन आण."

"कशाला?"

"नाव चुकलंय."

तिला सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. आजीबद्दल नातीला जे वाटायचं ते वाटलं असेल, मी विचारलं नाही. मी एकेका चिठ्ठीवर भागाबाई खोडून गयाबाई लिहीत बसले. माझं अक्षर मोठं आणि सावकाश, चौथीतच थांबलेलं. दोन दिवस लागले.

पहिली पुडी घेऊन ओढा ओलांडला. आता तिथं पूल आहे. गयाबाईची सून सुमन तिथंच राहते, केस पांढरे झाले आहेत. मागं परसात बाभळीचा ओंडका अजून आहे. तो नसेल, दुसरा असेल. तिनं पुडी उलटी-सुलटी केली, माझं खोडलेलं वाचलं.

"हे बी आमच्यापाशी हायच की, काकू. छपरावर बगा."

"माहीत आहे. बी द्यायला नाही आले. हे तुमच्या सासूबाईंचं होतं, मी आमचं म्हणून सांगितलं. ते सांगायला आले."

सुमन जराही दचकली नाही. "वस्तीत सगळ्यायला ठावं हाय. ल्हानपणापासून पोरायला बी ठावं." पुडी तिनं परत माझ्या हातात दिली. "आमाला सांगून काय उपेग? तुमच्याच गल्लीत सांगायचं ऱ्हायलंय."

परतताना पूल मला त्या ओढ्यापेक्षा लांब वाटला.

परवा महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या परसातल्याच. पहिला घाव मुलानं घातला, गर तसाच केशरी निघाला. पंगत बसली. अकरांतल्या आता दोघीच उरल्या आहेत, बाकी त्यांच्या सुना-नाती. काशीफळाची भाजी मी स्वतः वाढायला घेतली आणि पहिल्या पानाशी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हे बी ओढ्यापलीकडच्या गयाबाईचं. अठ्ठ्याहत्तर सालापासून. भागाबाईचं म्हणून सांगितलं ते मी खोटं सांगितलं होतं."

पाच-सहा हात पानावर थांबले. एक म्हातारी माझ्याकडं बघत राहिली, दुसरीनं डोळे खाली घातले. कोपऱ्यातली एक नवी सून म्हणाली, "थोडी अजून वाढा."

मी वाढली. मग एकेक हात पुन्हा चालू झाला. दोघी भाजी तशीच ठेवून उठल्या, बाकीच्यांची पानं साफ होती.